अपघात : वेळ आली की वेग वाढला?



रस्त्यावर कुणी दगावले की अंत्यविधीला जमलेली माणसे म्हणतात, "त्याची वेळ आली होती." शोकात बुडालेल्या कुटुंबाला तेवढाच आधार वाटतो, म्हणून आम्ही तिथे वाद घालत नाही. येथे मात्र शांतपणे विचार करू या. २०२२ साली आपल्या देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. केंद्र सरकारच्या अहवालात त्यांतल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंपुढे अतिवेग हे कारण नोंदले आहे. इतक्या जणांची वेळ भरधाव गाडीपाशीच यावी, हे नवलच!

ॲरिस्टॉटलच्या मते योगायोगही कारणांवाचून घडत नाही. दोन निरनिराळ्या कारणांच्या वाटा एका जागी मिळतात, इतकेच. गुरू अचानक रस्त्यात आडवे येते, ते आपल्या हाती नसते. त्या क्षणी आपला काटा ४० वर आहे की ८० वर, हे आपल्या हाती असते. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर पुढे जाते, आणि धोका ओळखून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक सेकंद तरी जातोच. त्यानंतरचे ब्रेकचे अंतर वेग दुप्पट झाला की चौपट होते. पहिल्या पावसात धूळ आणि तेल मिसळून रस्ता निसरडा होतो, तेव्हा ते आणखी लांबते. नवी गाडी घेतली की आपण ती आशीर्वादासाठी चर्चच्या आवारात आणता, आम्हीही आनंदाने पवित्र पाणी शिंपडतो. त्याने ब्रेकचे अंतर कमी होत नाही, एवढे ध्यानात असू द्यावे.

मोबाईलबद्दल सर्वांना ठाऊक आहे. कानात यंत्र घालून बोलले की चालते, हा समज मात्र खोटा आहे. हात मोकळे राहतात, लक्ष मोकळे राहत नाही.

दारूविषयी आम्ही वेदीवरून पुष्कळदा बोलतो, झोपेविषयी फारसे कुणी बोलत नाही. सलग १७ तास जागलेल्या माणसाची सावधता १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम मद्य असलेल्या माणसाइतकी उतरते, असे संशोधकांना आढळले आहे. आपल्या कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. म्हणजे पहाटे उठून दिवसभर लग्नघरी राबलेला आणि मध्यरात्री पाहुण्यांना विमानतळावर सोडायला निघालेला भाऊ, थेंबही न घेता, त्या मर्यादेपलीकडच्या माणसासारखाच गाडी चालवत असतो. काच खाली करून किंवा गाणी लावून झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून वीस मिनिटे डोळे मिटावेत, नाहीतर भाड्याची गाडी बोलवावी.

राहिली आपली मुले. परवाना मिळाल्यानंतरचे पहिले काही महिने सर्वांत धोक्याचे असतात, आणि शेजारी-मागे मित्र बसले की धोका वाढतो. परवान्याआधीच चावी देणाऱ्या पालकांनी २०१९ ची कायदा-दुरुस्ती वाचावी : अठरा वर्षांखालील मुलाने गाडी चालवून गुन्हा केल्यास पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते.