डाया मॅच आहे म्हणे!

अमरावती-अकोल्यातल्या कुठल्याही टायरच्या दुकानात मोठ्या रिमांवर नुसता हात ठेवा, एक वाक्य हमखास कानावर पडतं : "डाया मॅच आहे भाऊ, काही टेन्शन नाही." डाया म्हणजे टायरसकट चाकाचा पूर्ण व्यास. तो जुळला की स्पीडोमीटर बरोबर दाखवतो, गिऱ्हाईक निश्चिंत होतं. वाक्य खरं असतं, आणि गोची तिथंच आहे. व्यास जुळवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं गणित. गाडीला पुढं जो त्रास होतो तो राहून गेलेल्या गणितांचा असतो.

मला ही गणितं एका जुन्या स्विफ्टनं शिकवली. बियाण्यांच्या कामासाठी माझी फिरस्ती असते. अकोला तर नेहमीचंच, शिवाय दर्यापूर, अकोट, तेल्हारा. गाडी अकोल्यातून घेतली तेव्हाच तिला सतरा इंची काळ्या रिमा होत्या, २०५/४५ आर१७ टायरच्या. कंपनीनं या व्हेरियंटला १६५/८० आर१४ दिले होते, पण मूळ चाकं पहिल्या मालकानं कधीच विकून टाकली होती. डिकीत फक्त चौदा इंची लोखंडी स्टेपनी उरली होती.

आधी हे आकडे वाचायचे कसे ते सांगतो, कारण बाकी सगळं त्यावरच आहे. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, साइडवॉलची उंची त्या रुंदीच्या किती टक्के. शेवटचा, रिम किती इंची. १६५ चे ८० टक्के म्हणजे १३२ मिलिमीटर. २०५ चे ४५ टक्के म्हणजे ९२. मूळ चाकाचा व्यास जवळपास ६२० मिलिमीटर भरतो, बदललेल्याचा ६१६. डाया मॅच! पण रिम आणि खड्डा यांच्या मधलं चार सेंटिमीटर रबर गायब झालं, त्याबद्दल दुकानात कुणी बोलत नाही.

पहिली कुरकुर मात्र खड्ड्यांनी काढली नाही, चांगल्या रस्त्यानं काढली. अमरावती-अकोला म्हणजे पूर्वीचा सहा नंबर, आताचा राष्ट्रीय महामार्ग ५३. तो कित्येक वर्षं कसा होता हे इकडच्या माणसाला सांगायला नको. जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरचा एकपदरी डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज बुकात नाव लागलं, तो हाच रस्ता. चांगल्या रस्त्याची एक अडचण असते, गाडीचा दोष त्याच्यावर ढकलता येत नाही. मूर्तिजापूर सोडलं की ऐंशी-नव्वदच्या दरम्यान स्टिअरिंग थरथरायला लागायचं. बॅलन्सिंग केलं, पुन्हा केलं. मशीन शून्य दाखवायचं आणि गाडी हायवेला लागली की थरथर होतीच.

शेवटी अकोल्यात वाशीम बायपासकडे एका म्हाताऱ्या टायरवाल्यानं चाक उतरवलं, रिमच्या मधल्या भोकातून चार बोटं घालून फिरवली आणि म्हणाला, "बॅलन्सिंग करून काय होते भाऊ, चाक मधातच नाही बसून राह्यलं. मोठ्या नंबरच्या चपलेत पाय घालून पयल्यासारखं हाये हे."

गाडीच्या हबला मध्ये एक गोल उंचवटा असतो. कंपनीच्या रिमचं भोक त्यावर घट्ट बसतं, आणि चाक केंद्रात येतं ते त्यामुळे. स्विफ्ट, बलेनो, आय-ट्वेंटी यांच्या हबचं माप ५४.१ मिलिमीटर. बाहेरची रिम बनवणारा मात्र एकच रिम अनेक गाड्यांना जावी म्हणून भोक मोठं ठेवतो, बऱ्याचदा ७३.१. मधली पोकळी भरायला एक रिंग लागते, 'हब रिंग'. माझ्या चाकांत ती नव्हतीच. चाक नुसतं चार नटांच्या जोरावर लटकत होतं, आणि नट थोडा मागंपुढं आवळला की चाक केसभर सरकायचं. बॅलन्सिंगच्या मशीनवर ही भानगड दिसत नाही, कारण तिथं चाक शंकूवर चढवतात आणि शंकू ते बरोबर मध्यावर आणतो.

तेव्हा रिम पसंत पडली की डिझाइनच्या आधी हे भोक विचारा. मोठं असेल तर तुमच्या गाडीच्या मापाची रिंग बिलात लिहून घ्या. घाटात ब्रेक तापतात, तेव्हा चिखलदऱ्याकडे जाणं-येणं असेल तर प्लास्टिकपेक्षा ॲल्युमिनियमची बरी. उलटा घोळही होतो. होंडा सिटीचा हब ५६.१ चा आहे, स्विफ्टची ५४.१ ची रिम नट-भोकं जुळूनसुद्धा तिच्यावर चढत नाही. आणि चढत नाही ती रिम हातोडीनं चढवणारे महाभागही आहेत.

नट-भोकं ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाला पीसीडी म्हणतात. आधी नटांची संख्या लिहितात, मग हा व्यास मिलिमीटरमध्ये. मारुती आणि ह्युंदाईच्या लहान गाड्यांना ४ बाय १००, फोर्ड फिगोला ४ बाय १०८, जुन्या फियाट पुंटोला ४ बाय ९८. शंभर आणि अठ्ठ्याण्णव यांत फरक दोनच मिलिमीटरचा, म्हणून नट आवळायच्या गनच्या जोरावर तो बसतो आणि बसला असं वाटतं. हबवरचा स्टड मात्र तिरपा ताणलेला राहतो. नटाच्या आट्यांचंही तेच. मारुतीला १२ बाय १.२५, ह्युंदाई आणि होंडाला १२ बाय १.५. खात्री करायची साधी रीत म्हणजे गन लावायच्या आधी नट हातानं फिरवायला सांगा. मारुतीत निदान आठ फेरे तो बोटांनी अल्लाद जायला हवा.

हब रिंगा बसवल्यावर थरथर गेली. मग दुसरं प्रकरण वर आलं. पुढच्या डाव्या चाकाची हवा रोज सकाळी उतरलेली. पंक्चर सापडेना. टायर काढून रिम पालथी केली तर आतल्या अंगाला, जिथं कुणाची नजर जात नाही तिथं, वीतभर लांब एक खडबडीत रेघ होती. वर चंदेरी रंग मारलेला. साबणाचं पाणी सोडलं, तशी त्या रेघेवर मोहरीएवढ्या बुडबुड्यांची ओळ उभी राहिली. कधीतरी रिम तडकलेली, तिला आर्गन वेल्डिंग मारून रंगवून घेतली होती. ओतीव ॲल्युमिनियमला कारखान्यात उष्णतेची प्रक्रिया करून ताकद दिलेली असते. वेल्डिंगनं आजूबाजूचा धातू मऊ पडतो आणि पुढची तडक त्या रेघेशेजारून जाते. थोडी वाकलेली कड प्रेसवर सरळ करतात, ते एकवेळ समजू शकतो. तडकलेली रिम मात्र गेली म्हणजे गेली. सेकंडहँड रिमा घेणार असाल, नागपूरहून आणा की मुंबईच्या कुर्ल्याहून, टायर चढवलेल्या स्थितीत घेऊच नका. टायर उतरवून आतली बाजू उन्हात बघा.

रिम तडकली कशी असेल, याचं कोडं मला पडलं नाही. अकोट-दर्यापूरकडे पूर्णेच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा आहे. ती काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा रस्ता लाटा धरतो. पुलाच्या तोंडाशी तर हमखास खचतो. पुलाचा स्लॅब जागच्या जागी आणि रस्ता त्याच्यापेक्षा खाली, अशी पायरी अंधारात साठ-सत्तरच्या वेगात लागली की टायर रिमच्या कडेत आणि त्या पायरीत चिमटतो. १३२ मिलिमीटरची साइडवॉल हा चिमटा बहुतेक वेळा गिळून टाकते. ९२ ची गिळेलच असं नाही. मग रिम तडकते, नाहीतर साइडवॉलच्या आतले धागे तुटून टायरला फुगा येतो. माझ्या मागच्या एका टायरला असा लिंबाएवढा फुगा आला होता. "आतून गेटर टाकून देतो, चालते," असं म्हणत ठिगळ लावून द्यायला निघालेला एकजण भेटला. चालत नाही. फुगा म्हणजे त्या जागी फक्त रबर उरलंय. तो टायर स्टेपनीलासुद्धा ठेवू नये.

पुण्या-मुंबईच्या गाड्या बघून आपण रिम ठरवतो, इथं माझा खरा आक्षेप आहे. वऱ्हाडात आधी टायरची साइडवॉल ठरवा, रिमचा आकार तिच्यातून आपोआप निघेल. कारसाठी ५५ टक्क्यांच्या खालची साइडवॉल मी तरी या भागात सुचवणार नाही, रिम कितीही देखणी असो.

ऑफसेटबद्दल थोडक्यात. रिमवर 'ईटी' असं लिहून पुढं आकडा असतो. तो जितका कमी, तितकं चाक बाहेर. समजा ५ इंच रुंद, ईटी ४५ ची रिम काढून ७ इंची, ईटी ३५ ची घातली, तर बाहेरची कड साडेतीन सेंटिमीटर बाहेर येते. रिकाम्या गाडीत ऐटबाज दिसते. लग्नाला जाताना पाचजण आणि डिकीत आहेराच्या पिशव्या भरल्या की मागची बाजू बसते आणि मडगार्डची कड टायरला कापत जाते. बेअरिंगवरचा ताण वाढतो तो वेगळाच. स्पेसर लावून चाक बाहेर काढणाऱ्यांना तर मी हात जोडतो.

उन्हाळ्याचं मात्र नीट बोललं पाहिजे. २०२० च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा ४७ च्या पुढे गेला होता, आणि अशा उन्हात डांबर साठ अंशांच्या वर तापतं. इकडे सर्रास समजूत अशी की उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी, नाहीतर टायर फुटतो. नेमकं उलट आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्या दबण्यानंच आतून तापतो आणि साइडवॉलवर फाटतो. हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासायची आणि ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर आहे तेवढी भरायची. पाचजण आणि सामान असेल तर त्यावरच लिहिलेला पूर्ण भाराचा आकडा धरायचा. धावून आल्यावर चार-पाच पीएसआय वाढलेले दिसतील, ते काढू नका. टायर ते गृहीत धरूनच बनवलेला असतो. पण स्टिकर कंपनीच्या साइजचा असतो. साइज बदलला की तो आकडाही आंधळेपणानं चालत नाही, हे बदलाच्या खर्चात धरा.

भाराचाही आकडा टायरवर छापलेला असतो. साइजच्या पुढं ८८एच असं दिसेल. ८८ म्हणजे एका टायरची क्षमता ५६० किलो, ८५ म्हणजे ५१५, ८४ म्हणजे ५००. रुंद टायर जास्त वजन पेलतो असं वाटतं ना? माझे रुंद २०५/४५ होते ८४ चे, आणि त्यांच्याहून बारीक १८५/६५ आर१५ असतो ८८ चा. पेलते ती आतली हवा, आणि ती बुटक्या टायरमध्ये कमी मावते. पुढचं अक्षर वेगाचं. एस १८० पर्यंत, टी १९०, एच २१०. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे, म्हणजे अक्षर कुठलंही असलं तरी पुरतं. भाराच्या आकड्यात मात्र कंपनीपेक्षा खाली कधीच उतरायचं नाही.

कायद्याचं म्हणाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ तपशिलात परस्पर बदल करू देत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. विम्याच्या वेळी सर्व्हेयर फोटोत चाकं बघतोच, म्हणून रिमा पॉलिसीत नोंदवून घ्या. यातून सुटायचा सरळ मार्ग म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीनं जो साइज दिला आहे तोच घेणं. माझ्या स्विफ्टच्या झेडएक्सआयला कंपनी १८५/६५ आर१५ देते. तेच घेतले, कंपनीच्याच मापाच्या पंधरा इंची ॲलॉयवर. साइडवॉल १२० ची, व्यास साधारण ६२१.

नवीन टायर घेताना बाजूवरचे शेवटचे चार अंक वाचा. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. दुकानाच्या पत्र्याखाली दोन उन्हाळे काढलेला टायर 'नवा' म्हणून घेऊ नका. आयएसआयची खूण बघा. दोनच घेणार असाल तर ते मागं घाला. पावसात मागचं सटकलं की गाडी सावरणं पुढच्यापेक्षा अवघड. शेवटचा नट गननं नव्हे, टॉर्क पान्यानं आवळून घ्या. लहान गाड्यांना साधारण ८५ ते ११० न्यूटन मीटर, नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत. पन्नास-शंभर किलोमीटर झाले की पुन्हा एकदा आवळायला जा.

एक गोष्ट दुकानातच करून बघा. स्टेपनी काढा आणि ती नवीन नटांनी चढते का पाहा. ॲलॉयच्या बारीक खाचांच्या नटांना वेगळी चावी लागते, गाडीचा पाना चालत नाही, आणि लोखंडी चाकाला त्या नटांची बैठकही जुळेल असं नाही. माझ्या गाडीत ना चावी होती, ना कंपनीचे नट. त्याच हायवेवर बोरगाव मंजूच्या अलीकडे, रात्री, टायर बसला तेव्हा हे कळलं. आता कंपनीच्या चार नटांची पुडी आणि चावी स्टेपनीच्या खळग्यात असते.

उतरवलेल्या सतराच्या रिमांना लगेच गिऱ्हाईक आलं, अमरावतीच्या राजापेठेतला एक पोरगा. चारही मागत होता. तीन त्याला टायरशिवाय, आतली बाजू दाखवून दिल्या. वेल्डिंगवाली भंगारवाल्याच्या दारात, माझ्यासमोर ग्राइंडरनं मधोमध कापून घेतली. "अख्खी द्या ना, जास्त भेटतील," असं तो म्हणत होता. अख्खी दिली असती तर रंग मारून ती महिन्याभरात कुणाच्या तरी गाडीखाली गेली असती.