कमिशनच्या गणितात ‘क्ष’ नेमका कशाला धरायचा?

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. ‘सूट व कमिशन’ प्रकरणातली साधी उदाहरणं तिला जमतात. पण पगार अधिक कमिशन असं आलं की ती अडते. काय करावं?

उत्तर : बहुतेक मुलं पगाराला ‘क्ष’ धरून बसतात. इथे बदलते ती विक्री, म्हणून ‘क्ष’ तिलाच द्यावा. समजा, एका साडीच्या दुकानात महिना १४,००० रुपये आणि विक्रीवर २ टक्के, तर दुसरीकडे ९,००० आणि ४ टक्के. दोन्हीकडे कमाई सारखी कधी?

१४,००० + ०.०२क्ष = ९,००० + ०.०४क्ष

म्हणजे ०.०२क्ष = ५,०००, क्ष = २,५०,०००. अडीच लाखांच्या विक्रीला दोन्हीकडे १९,००० मिळतात. त्याहून जास्त विकणाऱ्याला दुसरं दुकान बरं. (टक्के दशांशात लिहिताना ४ टक्क्यांचे ०.०४ ऐवजी चुकून ०.४ होतात, तेही एकदा तपासा.)

खरी मेख असते ती ‘एक लाखापुढील विक्रीवर’ अशा शब्दांत. दुसऱ्या दुकानाची ही अट असेल, तर कमिशन ०.०४(क्ष − १,००,०००) होतं. आता बरोबरी साडेचार लाखांवर जाते, कमाई २३,०००. एका शब्दाने उत्तर दोन लाखांनी सरकलं! घाईत वाचणारी हुशार मुलंही इथेच गुण घालवतात.

तेव्हा समीकरण मांडण्याआधी तिला एकच विचारा : कमिशन सगळ्या विक्रीवर, की ठरावीक रकमेपुढच्या?