टाकीत पाणी किती?

उभी पाण्याची टाकी फोडून तपासता येत नाही. वाऱ्याने ती किंचित डोलते, तेवढं डोलणं मोजायचं आणि त्यावरून खांबांचा ताठरपणा ओळखायचा, हे माझं काम. संगणकात शेकडो टाक्या मांडायच्या, ज्यांचं डोलणं खऱ्या टाकीशी जुळत जाईल त्यांचा संकर करून पुढची पिढी घ्यायची. जॉन हॉलंड यांनी १९७५ साली पुस्तकात मांडलेली ही जेनेटिक अल्गोरिदमची रीत. कपाशीच्या वाणांची निवड पाहत वाढलेल्या वऱ्हाडी माणसाला ती फार समजावून सांगावी लागत नाही. अमरावती-अकोल्याकडच्या टाक्यांवर ती वापरताना हाती लागलेलं हे काही.

१. आकडा जुळला म्हणजे उत्तर सापडलं असं नाही. दर्यापूरकडच्या एका गावात पहिल्या मोजणीत टाकीची वारंवारता सेकंदाला १.३ आली, दोन दिवसांनी १.१. अल्गोरिदमने ठामपणे सांगितलं: खांबांचा ताठरपणा २८ टक्क्यांनी घटला. माझ्या पोटात गोळा आला; टाकीखाली पोरं गोट्या खेळत होती. सरपंचांकडे निघालो, तर जिन्यापाशी वॉलमन काका भेटले.

“साहेब, परवा तं टाकी अर्धी बी नोती. रातभर पंप चालला, आता काठोकाठ हाये.”

वारंवारता ठरते ती ताठरपणाला वस्तुमानाने भागून आलेल्या आकड्याच्या वर्गमुळावर. ताठरपणा २८ टक्के घटवा किंवा वस्तुमान सुमारे ४० टक्के वाढवा, मोजणीत फरक दिसत नाही. वस्तुमान मी आधीच ठरवून टाकलं होतं. साहजिकच सगळा दोष खांबांच्या माथी गेला.

२. पाणीही सगळं एकसारखं हलत नाही. तळाकडचं भिंतींबरोबर जातं, वरचं आपल्या लयीत हिंदकळतं. हाऊस्नर यांची १९६३ सालची ही दोन वस्तुमानांची मांडणी आयएस १८९३ या भारतीय मानकाच्या दुसऱ्या भागात आहे. ती वापरा.

३. काळ्या मातीला हिशेबात घ्या. पूर्णेच्या खोऱ्यातली ही माती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात तिच्या भेगांत हात जातो. पाया पक्का रोवलेला धरला, तर मातीचा मऊपणा अल्गोरिदम खांबांच्या खात्यावर टाकतो. पायाखाली स्प्रिंग धरावी, तिचा ताठरपणाही शोधायला लावावा आणि मोजणी दोन्ही ऋतूंत करावी. माझी दोन वर्षं हे उमगण्यात गेली.

४. वेगवेगळ्या सुरुवातींपासून निदान दहा वेळा शोध चालवा. उत्तरं विखुरली, तर मोजणी अपुरी आहे. एकवटली तरी हुरळून जाऊ नका: त्या टाकीचं २८ दहाही वेळा आलं होतं.

५. माझ्या वहीत आता पहिला रकाना पाण्याच्या पातळीचा, दुसरा तापमानाचा. वारंवारता तिसऱ्या रकान्यात. पहिला रकाना भरायला मी वॉलमनसोबत जिना चढतो. काका आत दोरी सोडतात, ओल्या दोरीवर बोट धरून म्हणतात, “सात फूट लिहा.”