बोधचिन्हातील आवर्त : वळणाची दिशा आणि तिचा अर्थ

बडोद्याहून अहमदाबादकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बाजवा हे लहानसे स्थानक आहे. 1962 साली स्थापन झालेल्या गुजरात स्टेट फर्टिलायझर्स कंपनीचा कारखाना लगतच उभा राहिल्यामुळे या गावाचे नाव दूरदूरच्या शेतकऱ्यांस परिचित झाले. कारखान्याबरोबर वस्ती वाढली आणि वस्तीबरोबर दुकाने वाढली. आपल्या दुकानात येणारे गिऱ्हाईक मराठी, गुजराती, हिंदी अशा निरनिराळ्या भाषांचे. त्यांतील पुष्कळजण पुडीवरील अक्षरे वाचीत नाहीत. चित्र ओळखतात आणि ‘ती शंखाची द्या’ म्हणून माल मागतात. म्हणून चिन्हाचा विचार हा केवळ चित्रकाराचा नसून व्यापाऱ्याचाही आहे. प्रस्तुत लेखात चिन्हांच्या अनेक आकारांपैकी एकाच आकाराचा, म्हणजे आवर्ताचा, विचार करावयाचा आहे. एका बिंदूपासून निघून त्याच्याभोवती फिरत फिरत दूर जाणारी रेषा ती आवर्त होय. गणिताच्या पुस्तकांत तिला सर्पिल म्हणतात.

आवर्ताचे मुख्य प्रकार दोन. त्यांतील भेद समजून घेण्यास गणिताची आवश्यकता नाही. दिवाळीची चकली आणि देवघरातील शंख पुरेसे आहेत. चकलीच्या दोन वेढ्यांतील अंतर आरंभापासून शेवटपर्यंत सारखे राहते. शंखाचे तसे नाही. त्याचा प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्याहून रुंद होत जातो, कारण आतला जीव वाढतो तसतसे घरही त्याच प्रमाणात वाढत जाते. पहिल्या प्रकाराचा अभ्यास ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने केला. दुसऱ्याने स्वित्झर्लंडमधील गणिती याकोब बर्नुली यास इतके मोहून टाकले की, आपल्या समाधीवर तोच आकार कोरला जावा अशी इच्छा त्याने व्यक्त केली. कितीही मोठा अथवा लहान केला तरी या आवर्ताचे रूप पालटत नाही, याचे त्यास विलक्षण आश्चर्य वाटे. बर्नुली 1705 साली वारला. बाझेल शहरातील मुख्य चर्चमध्ये त्याची समाधीशिला आजही पाहावयास मिळते. परंतु पाथरवटाने तीवर शंखाचे आवर्त न कोरता चकलीचे कोरले! ज्या माणसाने या भेदासाठी आयुष्य वेचले त्याच्याच शिलेवर ही चूक व्हावी, तर आपल्या पुडीवर ती होणार नाही असे कोणी सांगावे?

या भेदाचा व्यवहारात उपयोग असा. वाढ, विस्तार, पिढ्यान्‌पिढ्या चालणारी पेढी हे सुचवावयाचे असेल तर शंखाचे आवर्त योग्य ठरते. गुंडाळलेला दोर, चटई अथवा कापडाचा तागा सुचवावयाचा असेल तर चकलीचे. खाद्यपदार्थांच्या व्यापाऱ्याने मात्र चकलीच्या आकारापासून सावध राहावे. वेढे पाच-सहा झाले की, तो आकार थेट डासांच्या अगरबत्तीसारखा दिसू लागतो. ही वेटोळी अगरबत्ती जपानातील. एइइचिरो उएयामा यांची पूर्वीची सरळ कांडी सुमारे 40 मिनिटांत जळून संपे. त्यांच्या पत्नी युकी यांनी वेटोळ्याची कल्पना सुचविली आणि 1902 पासून विक्रीस आलेले वेटोळे सुमारे सात तास टिकू लागले. युक्ती थोर खरी. परंतु हळदीच्या पुडीवर तिची आठवण कोणास हवी?

मुद्रणाच्या दृष्टीने एक सूचना येथेच करून ठेवतो. वेढे दोन किंवा फार तर तीन असावेत, आणि दोन रेषांमधील मोकळी जागा रेषेच्या जाडीहून कमी नसावी. गोणपाटावर शाई पसरते व मध्यभागी काळा ठिपका उरतो. थोड्या रेषांत काम होते याचे उत्तम उदाहरण दूरदर्शनचे चिन्ह. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत शिकत असताना देवाशिष भट्टाचार्य यांनी ते रेखाटले. मधल्या डोळ्याभोवती अवघ्या दोन वक्ररेषा आहेत; तरी 1976 नंतर ज्या घरांत दूरदर्शन संच आला, त्या घरांतील मुलांना ती फिरत फिरत येणारी आकृती आजही स्मरते.

आता आपल्या परंपरेतील आवर्ताकडे वळू. श्वेतांबर परंपरेच्या अष्टमंगलांत स्वस्तिक व श्रीवत्स यांच्याबरोबर नंद्यावर्ताची गणना होते. दिगंबर परंपरेची अष्टमंगले भृंगार, कलश, दर्पण, चामर इत्यादी निराळी आहेत. अठरावे तीर्थंकर अरनाथ यांचे लांछनही श्वेतांबर नंद्यावर्त मानतात, दिगंबर मत्स्य. मथुरेच्या कंकाली टेकडीवर सापडलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या आयागपटांवर मंगलचिन्हे कोरलेली आहेत, त्यावरून या चिन्हांचे प्राचीनत्व ध्यानात येते. जैन कलेचे व्यासंगी उमाकांत प्रेमानंद शहा हे आपल्या बडोद्याचेच. 1955 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या जैन कलेवरील इंग्रजी ग्रंथात अष्टमंगलांचा परामर्श घेतलेला आहे.

आज आपण काढतो त्या नंद्यावर्तात मध्ये स्वस्तिक असते. परंतु त्याची भुजा एका वळणावर न थांबता पुन्हा पुन्हा काटकोनात वळत जाते, आणि प्रत्येक दिशेस नऊ कोन होतात. ते नऊ निधींचे द्योतक मानले जातात. म्हणजे हे चौकोनी आवर्तच. एक नव्हे, चार आवर्ते एकाच केंद्रातून निघालेली. देरासरात अक्षतांनी नंद्यावर्त काढणारी आपली आई अथवा आजी ज्या एकाग्रतेने कोन मोजते, तिला भूमितीचा पाठ म्हणावयास हरकत नाही. एक कोन चुकला की चारही बाजू पुसून पुन्हा आरंभ करावा लागतो.

दुसरे आवर्त शंखाचे. बाविसावे तीर्थंकर नेमिनाथ यांचे ते लांछन. श्रीकृष्णाच्या आयुधशाळेत जाऊन कुमार नेमींनी पांचजन्य शंख सहज फुंकला आणि द्वारका हादरली, ही कथा आपणां सर्वांस ठाऊक आहे. शंखाच्या बाबतीत दक्षिणावर्त आणि वामावर्त हे शब्द सर्रास वापरले जातात, आणि खरा घोटाळा येथेच होतो. आपल्याकडे शंखाचे निमुळते तोंड वर धरून पाहतात. तसे पाहिल्यास ज्याचे विवर उजवीकडे येते तो दुर्मिळ शंख दक्षिणावर्त. प्राणिशास्त्रज्ञ मात्र शंखाचे शिखर वर धरतात, त्यामुळे तोच दुर्मिळ शंख त्यांच्या भाषेत डावा ठरतो! वस्तू एकच, धरण्याची रीत निराळी. कागदावरील आवर्ताचेही असेच आहे. केंद्रातून बाहेर जाताना जी रेषा घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरते, तीच बाहेरून आत येताना उलट फिरते. म्हणून चित्रकारास ‘उजवे वळण ठेवा’ एवढेच सांगून भागत नाही. ‘केंद्रातून बाहेर निघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे’ असे लिहून द्यावे, आणि शेजारी स्वतःच्या हाताने बाण काढून द्यावा.

हे मी शहाणपणाने सांगत नाही, नुकसान सोसून सांगतो. आमच्या दुकानाचे चिन्ह वडिलांच्या वेळेपासून नंद्यावर्त. काही वर्षांपूर्वी मसाल्यासाठी पारदर्शक पिशव्या छापून घेण्याचे ठरले. चित्र करणाऱ्यास नमुना म्हणून आम्ही घरात जपून ठेवलेला जस्ताचा जुना ब्लॉक दिला. ब्लॉकवर आकृती नेहमी उलटी असते आणि कागदावर उमटताना सुलटी होते, हे वडिलांच्या पिढीतील कोणत्याही कंपोझिटरने न विचारता ओळखले असते. या गृहस्थाने ब्लॉकचे छायाचित्र घेतले व तसेच संगणकावर बसविले. नमुना आला तेव्हा मी अक्षरे तपासली, वजन तपासले, किंमत तपासली. अक्षर उलटे असते तर पोरानेही ओळखले असते. आवर्त उलटे असले तरी डोळ्यांस ते सुबकच दिसते. मी सही केली.

चूक पकडली ती एका वृद्ध श्राविकेने. पिशवी उजेडाकडे धरून त्या म्हणाल्या, “भाऊ, हा नंद्यावर्त वाम झाला आहे. तुमच्या वडिलांचा असा नव्हता.”

मी ओशाळून म्हटले, “आजी, छापणाऱ्याची चूक झाली. पुढच्या खेपेस सुधारून घेतो.”

त्यावर त्या थोडा वेळ थांबून म्हणाल्या, “सुधारा. पण सुलटा छापला तरी पिशवी रिकामी झाली की गटारातच जायची ना?”

या प्रश्नास माझ्यापाशी उत्तर नव्हते. मंगलचिन्हाची आशातना होऊ नये हे आपण देरासरात पाळतो. दुकानातून तीच आकृती हजारोंच्या संख्येने रस्त्यावर, पायदळी आणि उकिरड्यावर पाठवितो. घरी यावर दोन मते झाली. धाकट्या बंधूंचे म्हणणे, की चाळीस वर्षांचे चिन्ह सोडले तर गिऱ्हाईक कशावरून ओळखील? त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते.

कायद्याचे मत घेतले तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. 1999 च्या व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम 9 प्रमाणे, कोणत्याही वर्गाच्या धार्मिक भावना दुखावण्याचा संभव असलेले चिन्ह नोंदविता येत नाही. तसेच कलम 17 नुसार, चिन्हातील जो भाग त्या व्यापारात सर्वसामान्य आहे त्यावर एकट्याचा हक्क पोहोचत नाही. नंद्यावर्त ही सर्व संघाची ठेव. ती कोणा एका पेढीच्या मालकीची होणे कठीण, आणि माझ्या मते होऊही नये. जे सभासद परदेशी माल धाडतात त्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. नंद्यावर्ताच्या मध्यभागी स्वस्तिक आहे, आणि जर्मनीत नाझी राजवटीच्या वाकड्या क्रुसाचे प्रदर्शन कायद्याने दंडनीय आहे. आपल्या स्वस्तिकाशी त्याचा अर्थाने काही संबंध नाही, हे तेथील गिऱ्हाइकास पुडीवरून समजावून सांगता येत नाही.

शंख घ्यावा, असे कोणी सुचविले. तेही लांछनच, शिवाय पाठशाळेत द्वींद्रिय जीवांचे पहिले उदाहरण म्हणून आपण शंखच शिकतो. चित्रास दोष नाही हे मान्य, परंतु मूळ प्रश्न तेथेही सुटत नव्हता.

अखेर असे केले. नंद्यावर्त दुकानाच्या दारावर, चोपड्यांच्या पहिल्या पानावर आणि दिवाळीच्या पत्रावर राहिला. या वस्तू कोणी तुडवीत नाही. पिशवीसाठी वाढत्या प्रमाणाचे साधे आवर्त घेतले. अडीच वेढ्यांचे, केंद्रातून बाहेर घड्याळाच्या काट्याप्रमाणे जाणारे, आणि शेवटच्या टोकास मिरीच्या वेलीचे एक पान. रंग मात्र जुनाच केशरी ठेवला, कारण बंधूंचा मुद्दा त्यानेच सांभाळला गेला. गिऱ्हाईक पुष्कळदा आकाराआधी रंग ओळखते. पहिले सहा महिने ‘जुनीच द्या’ असे अनेकांनी म्हटले. त्यांस दोन्ही पिशव्या शेजारी ठेवून दाखवाव्या लागल्या. उलट्या छापलेल्या पिशव्यांचे गठ्ठे रद्दीत घातले नाहीत. घरातील स्त्रियांनी फावल्या वेळी त्यांवरील आकृती कापून निराळी केली व ती यथाविधी विसर्जित केली. उरलेल्या भागाच्या लहान पुड्या झाल्या. जस्ताचा तो ब्लॉक आता गल्ल्यामागे काचेत लावला आहे. त्याखाली चिरंजीवांनी एक लहान आरसा बसविला आहे, म्हणजे पाहणाऱ्यास खरी दिशा आरशात दिसते.