शहराची हद्द

मुलांनो, दिल्ली दरवाजातून तुम्ही अनेकदा गेला असाल. एके काळी शहर तेथेच संपत असे. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी येथे हे शहर वसवले. पुढे औरंगजेबाच्या काळात, १६८२ मध्ये, शहराभोवती तट बांधला गेला. तटाला आपण घरी 'फसील' म्हणतो. २०२३ पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर झाले. तट बहुतेक ठिकाणी पडला आहे. काही दरवाजे मात्र रहदारीत एकटेच उभे आहेत.

तट शत्रूसाठी होता. आजची हद्द नकाशावर असते. शहराने शेते गिळू नयेत, रस्ते व पाणी पुरवता यावे, म्हणून घरांची जमीन आणि शेतीची जमीन वेगळी ठरवतात. हेतू चांगलाच आहे. पण १९७१ च्या जनगणनेत येथे सुमारे दीड लाख लोक होते. २०११ मध्ये पावणेबारा लाख. चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांत कामाला आलेली माणसे राहणार कोठे? सिडकोने आखीव वसाहती बांधल्या. एन-सहा, एन-सात ही नावे त्यांचीच. त्या सर्वांना पुरल्या नाहीत. मग हद्दीजवळच्या शेतांचे तुकडे पाडून विकले जाऊ लागले. एका एकरात चाळीस गुंठे. अर्ध्या गुंठ्यात एक घर. यालाच गुंठेवारी म्हणतात.

माझ्या अब्बांनी असाच वीस बाय तीसचा प्लॉट बॉण्डपेपरवर घेतला. घर पक्के झाले, कागद कच्चाच राहिला. नळ नव्हता. टँकरचा भोंगा ऐकू आला की अम्मी हातातली पोळी तव्यावर टाकून धावत असे. ती पोळी बहुधा करपायची आणि माझ्याच वाट्याला यायची!

अशी घरे नियमित करण्यासाठी २००१ मध्ये कायदा झाला. २०२१ च्या दुरुस्तीने २०२० अखेरपर्यंतच्या बांधकामांनाही तो लागू झाला. घर कायदेशीर होते. पण शाळेसाठी आणि मैदानासाठी जागा मागाहून कोठून आणणार?

लंडनभोवतीही सरकारने हिरवा पट्टा राखला आहे. शेते वाचली, पण तेथील घरे महागण्याचे तेही एक कारण मानले जाते. म्हणून मला वाटते, हद्द आखण्याआधी आत गरिबाला परवडतील अशी छोटी घरे हवीत.

पाण्याची हद्द मात्र कोणालाही ओलांडता येत नाही. मलिक अंबरची नहर उतारावरून पाणी आणत असे. आता जायकवाडीचे पाणी पंपाने शंभर मीटरहून अधिक उंच चढवावे लागते. २०२२ मध्येही कित्येक वस्त्यांना ते आठवडाभराने मिळत होते.

आता शेंद्रा आणि बिडकीन येथे नवे औद्योगिक नगर उभे राहत आहे. तेथे येणाऱ्या कामगारांची घरे आधी आखली जातील, की त्यांचे कागदही अब्बांच्या बॉण्डपेपरसारखे लोखंडी पेटीत पडून राहतील?

शब्दार्थ : हद्द – सरहद, उतार – ढलान, नियमित करणे – बाकायदा करणे, करपणे – जल जाना.

स्वाध्याय
१. गुंठेवारी म्हणजे काय?
२. 'घर पक्के झाले, कागद कच्चाच राहिला' याचा अर्थ सांगा.
३. तुमच्या वस्तीत पूर्वी काय होते, ते घरातील मोठ्यांना विचारून पाच ओळी लिहा.