थंडीत धोतर नेसताना

प्रश्न : यंदा गड्ड्याच्या यात्रेत बाराबंदी-धोतरात नंदीध्वजांसोबत चालणार आहे. जानेवारीत सकाळी पाय गारठतात. आतून थर्मल घालू का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : थर्मल नको. नंदीध्वजांच्या मिरवणुकीत ६८ लिंगांची वाट चालताना अंग तापतं, घाम कपड्यात मुरतो आणि थांबलात की तोच हुडहुडी भरवतो. जाडसर सुती धोतर घ्या; निऱ्यांच्या थरांत अडकलेली हवाच ऊब धरते. आत गुडघ्यापर्यंतची सुती चड्डी पुरे. कासोटा घट्ट खोचा, सुटलेला सोगा हमखास पायात येतो. पॉलिस्टरचं धोतर तर अजिबात नको. यात्रेतल्या होमाजवळ, शोभेच्या दारूजवळ ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. नडग्या उलत असतील तर आदल्या रात्री खोबरेल चोळा. घरी आल्यावर घामेजलेलं धोतर आधी बदला, मग चादर पांघरा.