विनोदी कथनाचे गीतरूप : जेरोम आणि चिं. वि. जोशी

१

भिलाईचा पोलाद कारखाना ही भारत आणि सोव्हिएत संघ यांच्या सहकार्याची निर्मिती होय. १९५५ साली करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ सारख्या विभागांत, देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतील कुटुंबे शेजारी म्हणून एकत्र आली. त्यांत मराठी कुटुंबेही होती, आणि रशियन तंत्रज्ञांचा वावर तर या नगरीच्या जन्मापासूनचा. मराठी आणि रशियन यांचे हे शेजार ध्यानी घेता दोन रूपांतरांची तुलना येथे अप्रस्तुत ठरू नये. एक, जेरोम के. जेरोम याच्या 'थ्री मेन इन अ बोट' (१८८९) या कादंबरीवरून सोव्हिएत दूरदर्शनसाठी १९७९ साली झालेला संगीत-चित्रपट, दुसरे, चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाचे मुंबई दूरदर्शनवरील अवतरण. प्रश्न एवढाच की, विनोदी गद्य गाऊ लागले म्हणजे त्यातील विनोदाचे काय होते?

२

जेरोमच्या कादंबरीतील विनोद प्रसंगांत थोडा आणि निवेदकाच्या स्वरात फार आहे. 'जे.' हा निवेदक स्वतःला व्यवहारचतुर समजतो; वाचकाला मात्र तो तसा नाही हे त्याच्याच वाक्यांतून कळत जाते. सांगणारा आणि उमगणारा यांच्यातील हे अंतर म्हणजेच या विनोदाचे अधिष्ठान.

विशेष असे की, गायन हा या कादंबरीत स्वतःच एक विनोदविषय आहे. आठव्या प्रकरणात हॅरिस विनोदी गीत म्हणण्याचा हट्ट धरतो आणि शब्द विसरून सर्वांची फजिती करतो. त्याच प्रकरणात एक जर्मन गृहस्थ करुण गीत गातो. ते हास्यगीत आहे अशी थाप ऐकलेले श्रोते मोठमोठ्याने हसतात. गद्यातील गाणे फसते, म्हणूनच ते हसवते. संगीत-रूपांतरात मात्र गाणे फसून चालत नाही. ते रंगावेच लागते. रूपांतरकारापुढची खरी अडचण ही आहे.

दिग्दर्शक नाउम बिरमान यांनी ती दोन मार्गांनी सोडवली. आंद्रेई मिरोनोव्ह या एकाच नटाकडे त्यांनी 'जे.' आणि लेखक जेरोम या दोन्ही भूमिका दिल्या. पॉजरमामाही त्याच्याचकडे आला. त्यामुळे सांगणारा आणि भोगणारा यांचे नाते पडद्यावरही टिकले. दुसरा मार्ग संगीतकार अलेक्सांद्र कोल्कर यांच्या गीतांचा. गीतात पात्र पुन्हा 'मी'च्या भाषेत बोलू लागते आणि दृश्याने मिटवलेले अंतर काही क्षण परत उघडते. तथापि याची किंमतही द्यावी लागली. मूळ कादंबरीत नसलेल्या तीन स्त्रिया चित्रपटात दुसऱ्या नावेतून येतात. संगीतिकेला शृंगार हवा असतो. जेरोमला तो नको होता.

३

चिमणराव हा कादंबरीचा नव्हे, कथामालिकेचा नायक. परंतु त्याचा विनोद जेरोमच्याच जातीचा आहे. चिं. वि. जोशी (१८९२–१९६३) हे बडोद्यास पालीचे अध्यापक होते. त्यांनी आपल्या भित्र्या, भोळ्या कारकुनाच्या हाती निवेदन दिले. आपल्या प्रत्येक फजितीला चिमणरावाजवळ तर्कशुद्ध कारण असते. सोटाधारी गुंड्याभाऊ कृतीने हसवतो, चिमणराव समर्थनाने.

मास्टर विनायक यांनी 'लग्न पहावे करून' (१९४०) या चित्रपटात ही जोडी दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग यांच्या रूपाने पडद्यावर आणली. पुढे सत्तरीच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ही रूपे इतकी ठसली की अनेकांच्या लेखी चिमणराव म्हणजे तोच चेहरा. पण मुंबई केंद्राचे प्रक्षेपण त्या काळी छत्तीसगढपर्यंत पोहोचत नव्हते. भिलाईतील मराठी वाचकापाशी चिमणरावाचा चेहरा नव्हता; केवळ आवाज होता. दृश्य माध्यमाने नेमके काय दिले आणि काय नेले, हे या भेदावरून स्वच्छ दिसते. पुस्तकातला 'मी' पडद्यावर 'तो' होतो. आपण त्याच्या बाजूने ऐकत होतो. आता त्याच्याकडे पाहून हसतो.

४

मग सोव्हिएत रूपांतराप्रमाणे चिमणरावाला मराठी मालिकेने गायला का लावले नाही? याचे एक उत्तर संगीत रंगभूमीच्या इतिहासात सापडते. मोलिएरच्या प्रहसनावरून आर्थर मर्फीने केलेल्या इंग्रजी नाटकाचा आधार घेऊन गोविंद बल्लाळ देवलांनी आधी गद्य 'फाल्गुनराव' लिहिले आणि १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीसाठी त्याचे 'संशयकल्लोळ' केले. गद्य प्रहसन संगीत झाले, पण पदे मुख्यतः अश्विनशेठ आणि रेवती यांच्या वाट्याला आली. संशयाने पछाडलेला फाल्गुनराव, म्हणजे विनोदाचा मुख्य आधार, गद्यच बोलत राहिला. गाणे शृंगाराचे आणि गद्य हास्याचे, ही वाटणी मराठी प्रेक्षकाच्या अंगवळणी पडली. विनोदी पात्राने गावे, ही अपेक्षाच त्यामुळे क्षीण झाली.

परंतु हीच मराठीची एकमेव परंपरा आहे, असे मानणे चुकीचे होईल. एकनाथांच्या भारुडात गाणारा एखाद्या सामान्य माणसाचे सोंग घेतो, 'मी' म्हणून बोलतो, आणि श्रोत्याला त्या 'मी'च्या पलीकडचे दिसते. सांगणारा आणि उमगणारा यांच्यातील जे अंतर जेरोमने आणि जोशींनी गद्यात साधले, ते भारुडाने शतकांपूर्वी गाण्यात साधले होते. पु. ल. देशपांडे यांनी ब्रेख्तवरून केलेल्या 'तीन पैशाचा तमाशा' (१९७८) या नाटकात उपरोध गाता येतो, याचाही प्रत्यय आला.

५

निष्कर्ष असा की, विनोदी कथनाला गीताचे वावडे नाही. वावडे आहे ते शृंगाराच्या गीताचे. चिमणरावाचे संगीत-रूपांतर कोणी हाती घेतल्यास त्याने प्रेमप्रसंगांच्या जागा शोधू नयेत. चिमणराव जेथे स्वतःची बाजू मांडू लागतो, तेथे पद घालावे, आणि त्याची चाल नाट्यपदाच्या नव्हे, भारुडाच्या वळणाची असावी. तसे झाले तर पडद्यावर हरवलेला 'मी' परत येईल, आणि चेहरा पाहिलेले व आवाज ऐकलेले असे दोन्ही वाचक एकाच चिमणरावाला ओळखतील.